वरळीतला उपाशी साप

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. "अरे, सात आठवडे झाले, त्याने काही खाल्लं नाहीये. उद्या मी सरळ तोंड उघडून उंदीर आत ढकलणार आहे. तुला काही माहीत असेल तर आत्ता सांग."

'तो' म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला एक बुटका, जाडसर अजगर. वरळीच्या एका टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर, हॉलमधल्या काचेच्या पेटीत राहतो. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेलो. मित्राची आई चहा देताना हळूच म्हणाली, "मी म्हणते, वाटीभर दूध ठेवून बघा ना."

मित्र हसला. मला मात्र हसू आलं नाही. काकू लहानपणी बीडीडी चाळीत राहायच्या. नागपंचमीला गारुडी टोपली घेऊन यायचा, चाळभर फिरायचा आणि नाग सगळ्यांसमोर दूध प्यायचा. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. मग तो नाग दूध का प्यायचा? आणि हा अजगर समोर उंदीर ठेवूनही तोंड का फिरवतो? आजचा भाग याच दोन प्रश्नांवर.

आधी काकूंचा नाग. साप दूध पचवू शकत नाही. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न, सापाच्या पोटाची तशी रचनाच नाही. पण त्याला पाणी लागतं. सणाच्या कितीतरी दिवस आधी नाग पकडायचे, त्यांचे दात मोडायचे आणि त्यांना टोपलीत उपाशी, तहानलेलं ठेवायचं, अशी ही पद्धत होती. तहानेने व्याकूळ जीव समोर येईल ते ओलं पितो. लोकांना ती भक्ती वाटायची, प्रत्यक्षात ती तहान होती. दूध फुफ्फुसात गेलं की संसर्ग होतो, आणि असे कितीतरी नाग सणानंतर मरायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे हा धंदाच बेकायदेशीर ठरला.

आता वरळीहून परळला जाऊ. आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या शेजारी हाफकिन संस्था आहे. ही इमारत एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन इथे आले आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या बंगल्यात आली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

प्लेगच्या या जागेत साप कसे आले? सापाच्या विषाचा थोडा थोडा डोस घोड्याला टोचला की घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे घटक तयार होतात. त्यापासून सर्पदंशावरचं औषध, म्हणजे प्रतिविष बनतं. फ्रान्सच्या अल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषावर ते बनवलं, आणि आता सगळ्या सापांवर इलाज सापडला असं वाटलं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या याच प्रयोगशाळेतल्या जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवलं, की नागाच्या विषावरचं प्रतिविष घोणशीच्या विषावर चालत नाही. म्हणजे प्रत्येक जातीचं विष वेगळं जमवायला हवं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांचंही. विष हवं तर जिवंत साप हवेत. एकदा विष काढून भागत नाही, ते पुन्हा पुन्हा काढावं लागतं, म्हणजे साप पाळावे लागतात. पुढे हाफकिनमध्ये सर्पफार्म होता. तिथले डॉ. पी. जे. देवरस यांनी कुठल्या सापाकडून किती विष मिळतं याच्या नोंदी ठेवल्या, आणि १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक काढलं.

विषासाठी साप पाळणाऱ्या प्रत्येकाला एकच भिंत आडवी येते. रानातून पकडून आणलेला साप बऱ्याचदा जेवत नाही. जेवला नाही की अशक्त होतो, विष घटतं, शेवटी मरतो. मग पुन्हा नवे साप पकडा. गावातल्या माणसाचा जीव वाचवणारं औषध, आणि त्याच्या मुळाशी एक उपाशी साप.

यावर जगाने दोन उत्तरं शोधली. पहिलं उत्तर जबरदस्तीचं. अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात १९२० च्या दशकात डियाब्लो नावाचा एक प्रचंड अजगर होता. तो खायचाच नाही. मग माणसांची रांग त्याला धरून उभी राहायची आणि नळीतून बारीक केलेलं मांस त्याच्या पोटात ढकललं जायचं. ते बघायला तुफान गर्दी व्हायची. चाळीतल्या नागपंचमीसारखीच. एका ठिकाणी साप उपाशी ठेवून तमाशा, दुसऱ्या ठिकाणी साप भरवून तमाशा.

दुसरं उत्तर तमिळनाडूतलं. इरुला ही पिढ्यानपिढ्या साप पकडणारी जमात. सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर त्यांचं पोट अडलं. लहानपणी काही वर्षं मुंबईत वाढलेले रोम्युलस व्हिटेकर त्यांच्यासोबत उभे राहिले आणि १९७८ मध्ये इरुलांची सहकारी संस्था सुरू झाली. हे लोक साप पकडतात, मातीच्या मडक्यात ठेवतात, तीन-चार आठवड्यांत साधारण चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि सापाला परत रानात सोडतात. खूण दिसली की तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष आज तिथून येतं. सापाला आयुष्यभर कोंडून भरवत बसायची गरजच त्यांनी काढून टाकली.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे रे, पण मी याला कुठे सोडू? हा आफ्रिकेचा आहे."

मुद्दा बरोबर होता. वरळी सी-फेसवर तो सोडता येत नाही, आणि सोडूही नये. मग उरतं काय, तर त्याची पेटी त्याला राहण्याजोगी करणं. म्हणून आम्ही सापाला बाजूला ठेवून पेटी तपासायला बसलो.

बॉल पायथन घाना, टोगो, बेनिनकडचा. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून बसतो. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. आणि हा कुठे होता? चारही बाजूंनी काच, समोर समुद्राचं ऊन, लपायला काहीच नाही. रात्री एसी बावीसवर. सापाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. पचनासाठी त्याला पेटीच्या एका बाजूला साधारण ३१ ते ३३ अंश लागतात, दुसरी बाजू जरा थंड. गारठ्यात गिळलेला उंदीर पोटात सडू शकतो. तेव्हा न खाणं हा त्याचा शहाणपणाच होता. वर दर शनिवारी मित्रमंडळी त्याला गळ्यात घालून रील काढायची.

मग आम्ही एवढंच केलं. पेटीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. अंगाला घट्ट बसतील असे दोन खोके ठेवले, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. हीटरला थर्मोस्टॅट जोडला. हाताळणं बंद. नको म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उंदीर दाखवायचा नाही, आठ-दहा दिवस थांबायचं. जिवंत उंदीर तर कधीच नाही, तो सापालाच चावतो. मेलेला उंदीर कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने द्यायचा. आणि किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन. सात आठवड्यांत ते १,२८० ग्रॅमवरून १,२४० वर आलं होतं. मोठा, धडधाकट बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो. कात टाकायच्या आधी आणि विणीच्या काळात तर तो असं करतोच. पण वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, तोंडातून फेस आला, श्वासाचा आवाज यायला लागला, तर तडक सापांचं कळणारा पशुवैद्य गाठायचा. नळीने भरवायचं की नाही ते तो ठरवेल. घरी तोंड उघडायचं नाही, जबडा आणि अन्ननलिका दोन्हींना इजा होते.

डॉक्टरचं नाव काढल्यावर मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "कागद नाहीयेत माझ्याकडे."

आपल्याकडचा कुठलाही रानटी साप घरात पाळता येत नाही. परदेशी जातींसाठी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम आहेत, परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. 'कागद नकोत, स्वस्तात देतो' म्हणणारा माणूस तो साप कुठून आला हे लपवत असतो. आणि कागद नाहीत म्हणून डॉक्टर टाळला, तर त्याची शिक्षा साप भोगतो. मी त्याला म्हटलं, आधी डॉक्टर, मग वनविभाग. साप हातातून जाईल कदाचित. जाऊ दे.

तो गेला. दोन्हीकडे.

हा भाग रेकॉर्ड करतोय तोपर्यंत सापाने काही खाल्लेलं नाही. वजन १,२३५. पण मित्राने काल फोटो पाठवला. त्यात साप दिसतच नाही. फक्त काळा खोका आणि त्याच्या तोंडाशी नाकाचं टोक. काकूंनी खाली लिहिलंय, "आज पहिल्यांदा शांत झोपलाय."