पॉल आणि डेझी सोरोस अधिछात्रवृत्ती

पॉल आणि डेझी सोरोस नवअमेरिकी अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या स्थलांतरितांना व स्थलांतरितांच्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी दिली जाणारी स्पर्धात्मक अधिछात्रवृत्ती आहे. तिची स्थापना १९९७ साली झाली. दरवर्षी ३० उमेदवारांची निवड होते व प्रत्येकास दोन वर्षांत मिळून कमाल ९०,००० डॉलर साहाय्य मिळते. वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी, विज्ञान, मानव्यविद्या, संगीत अशा कोणत्याही विद्याशाखेच्या विद्यार्थ्यास अर्ज करता येतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी कुटुंबांतील दुसऱ्या पिढीला ती खुली आहे. भारतातून थेट उच्चशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी मात्र सहसा तिच्या कक्षेत येत नाहीत.

स्थापना

पॉल सोरोस (१९२६–२०१३) यांचा जन्म हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. प्रसिद्ध गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांचे ते थोरले बंधू होत. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरी सोडून ते १९४८ साली अमेरिकेत आले आणि त्यांनी ब्रुकलिन येथे अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेतले. बंदरांवर खनिज व अन्य सुटा माल चढविण्या-उतरविण्याच्या यंत्रणांची रचना करणारी ‘सोरोस असोसिएट्स’ ही कंपनी त्यांनी उभारली. त्यांच्या पत्नी डेझी याही हंगेरीतूनच अमेरिकेत आलेल्या. ज्या देशाने आश्रय व संधी दिली त्याचे ऋण अंशतः फेडावे, या भावनेतून या दांपत्याने पाच कोटी डॉलरचा न्यास स्थापन केला. पुढे २०१० साली त्यात अडीच कोटी डॉलरची भर घातली. अधिछात्रांची पहिली तुकडी १९९८ सालची होय. जॉर्ज सोरोस यांच्या ‘ओपन सोसायटी फाउंडेशन्स’ या संस्थेपासून हा न्यास स्वतंत्र आहे.

साहाय्याचे स्वरूप

अधिछात्रास दरवर्षी २५,००० डॉलरपर्यंत निर्वाहभत्ता आणि शिक्षणशुल्काच्या निम्म्यापर्यंत, परंतु २०,००० डॉलरच्या मर्यादेत, शुल्कसाहाय्य मिळते. हे साहाय्य कर्ज नसून त्याची परतफेड करावी लागत नाही. शिक्षणानंतर ठरावीक ठिकाणी नोकरी करण्याचे बंधनही नाही. न्यूयॉर्क येथे भरणाऱ्या वार्षिक संमेलनास अधिछात्रांनी उपस्थित राहावे अशी अपेक्षा असते. त्यातून निरनिराळ्या वर्षांच्या तुकड्यांचा परस्परपरिचय होतो.

पात्रता

अर्जाच्या अंतिम दिनांकास उमेदवाराचे वय ३० किंवा त्याहून कमी असावे लागते. तो अमेरिकेतील विद्यापीठात पूर्णवेळ पदव्युत्तर वा व्यावसायिक पदवीचे शिक्षण घेत असावा किंवा लवकरच घेणार असावा. ज्या अभ्यासक्रमासाठी साहाय्य हवे त्याचे तिसरे वर्ष सुरू झालेले असल्यास अर्ज करता येत नाही. अंशकालीन व ऑनलाइन अभ्यासक्रम तसेच अमेरिकेबाहेरील विद्यापीठे वगळलेली आहेत.

सर्वांत महत्त्वाची अट ‘नवअमेरिकी’ असण्याची आहे. अमेरिकेत जन्मलेल्या उमेदवाराचे आई व वडील दोघेही अमेरिकेबाहेर, बिगर-अमेरिकी नागरिक म्हणून जन्मलेले असावे लागतात. त्यांनी पुढे नागरिकत्व स्वीकारले असल्यास हरकत नसते. परदेशात जन्मलेल्या उमेदवारासाठी आईवडिलांच्या जन्माची हीच अट असून त्याशिवाय पुढीलपैकी एक गोष्ट आवश्यक असते: अमेरिकेचे स्वीकृत नागरिकत्व, कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड, निर्वासित म्हणून मिळालेला आश्रय, बालपणी आलेल्यांसाठीच्या ‘डाका’ योजनेचे संरक्षण, अथवा अमेरिकेतील माध्यमिक शाळा व महाविद्यालय या दोन्हींतून पूर्ण केलेले शिक्षण.

मराठी कुटुंबांच्या संदर्भात

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशनिहाय जुनी कोटापद्धत रद्द केल्यानंतर भारतीय डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ यांचे तेथील स्थलांतर वाढले. त्यांत मराठी भाषकही होते. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. या कुटुंबांच्या परिस्थितीला पात्रतेचे नियम कसे लागू पडतात, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

* आईवडील रत्नागिरीत जन्मलेले आणि मुलगी न्यू जर्सीत जन्मलेली असेल, तर ती पात्र ठरते.
* वडील रत्नागिरीचे व आई अमेरिकेतच जन्मलेली असेल, तर सामान्यतः मुलगा पात्र ठरत नाही.
* रत्नागिरीतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन विद्यार्थी-व्हिसावर एम.एस. करण्यास गेलेला तरुण पात्र नसतो. त्यास वयोमर्यादेत असताना ग्रीन कार्ड मिळाले, तर तो अर्ज करू शकतो.
* आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर अवलंबितांच्या एच-४ व्हिसावर गेलेल्या मुलीने शाळा व महाविद्यालय दोन्ही तेथेच पूर्ण केले असेल, तर ग्रीन कार्ड नसतानाही ती पात्र ठरते.

यांतील शेवटचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांच्या वार्षिक संख्येत कोणत्याही एका देशाचा वाटा सामान्यतः सात टक्क्यांपुरता मर्यादित असतो. अर्जदारांची संख्या मोठी असल्याने भारतीयांची प्रतीक्षा अनेक वर्षे लांबते. या काळात मुलाने वयाची २१ वर्षे पूर्ण केली की तो आईवडिलांवर अवलंबित मानला जात नाही. मग त्याला विद्यार्थी-व्हिसा किंवा अन्य मार्ग शोधावा लागतो, अन्यथा ज्या देशात बालपण गेले तो देश सोडावा लागतो. अशा विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्यही मिळत नाही. त्यामुळे कागदोपत्री दर्जाऐवजी प्रत्यक्ष झालेल्या शिक्षणाला मान्यता देणारा हा नियम त्यांच्यासाठी मोलाचा ठरतो.

अर्ज व निवड

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्याची मुदत साधारणतः ऑक्टोबरअखेर संपते. अर्जासोबत गुणपत्रिका, कार्यपरिचय, किमान तीन व कमाल पाच शिफारसपत्रे आणि दोन निबंध द्यावे लागतात. पहिल्या निबंधात स्थलांतरित म्हणून किंवा स्थलांतरितांचे अपत्य म्हणून आलेले अनुभव आणि त्यांतून झालेली जडणघडण मांडावयाची असते. दुसऱ्यात सध्याचे कार्य, पुढील उद्दिष्टे व निवडलेल्या अभ्यासक्रमाचे त्यांतील स्थान स्पष्ट करावयाचे असते. दोन्ही निबंध अर्जाचा गाभा मानले जातात, कारण गुणपत्रिकेत न दिसणाऱ्या बाबी परीक्षकांना त्यांतूनच कळतात.

निवड करताना सर्जनशीलता, स्वतंत्र विचार, पुढाकार व सातत्यपूर्ण कार्य हे गुण पाहिले जातात. अमेरिकेची राज्यघटना व तिच्यातील नागरी हक्कांच्या सनदेमागील मूल्यांशी बांधिलकीही विचारात घेतली जाते. किमान गुणांची अट नाही. उमेदवाराच्या आर्थिक स्थितीचाही विचार होत नाही. निवडक उमेदवारांना अंतिम मुलाखतींसाठी बोलाविले जाते व त्यांतून ३० नावे निश्चित होतात. अलीकडे वर्षाला दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक अर्ज येत असल्याने निवडीचे प्रमाण शंभरांत एक-दोन इतकेच राहते.

उल्लेखनीय अधिछात्र

अमेरिकेचे सर्जन जनरल हे पद भूषविणारे डॉ. विवेक मूर्ती (१९९८), कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील संशोधक फेई-फेई ली (१९९९), जनुकशास्त्रज्ञ पार्डिस सबेती (२००१) आणि उद्योजक व राजकारणी विवेक रामस्वामी (२०११) हे या अधिछात्रवृत्तीचे मानकरी आहेत. मूर्ती यांचे कुटुंब मूळचे कर्नाटकातील, तर रामस्वामी यांचे केरळमधील आहे.

चर्चा

आर्थिक गरज न पाहता केवळ गुणवत्तेवर साहाय्य द्यावे काय, हा या अधिछात्रवृत्तीविषयीचा मुख्य वादविषय आहे. रामस्वामी २०२३ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या स्पर्धेत उतरले तेव्हा, निवडीच्या काळातच त्यांचे उत्पन्न मोठे होते, ही बाब प्रसारमाध्यमांत चर्चिली गेली. मोजक्या नामांकित विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निवडीतील प्राबल्य हाही चर्चेचा विषय आहे. याउलट, स्थलांतरितांचे देशाच्या जीवनातील योगदान समाजासमोर आणणे हेच उद्दिष्ट असल्याने ही गुणवत्तेचा गौरव करणारी योजना आहे, गरजूंसाठीची मदत नव्हे, अशी बाजू मांडता येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्वपरंपरा

परदेशातील उच्चशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळविण्याची परंपरा रत्नागिरी जिल्ह्याला अपरिचित नाही. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. १८९९ साली ते तेथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले. त्या शिष्यवृत्तीबरोबर बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. त्यानुसार ते १९१७ साली बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून कार्यालयात अवहेलना झाली व शहरात राहावयास जागाही मिळेना, म्हणून त्यांना ती नोकरी सोडावी लागली. शिष्यवृत्तीने ज्ञानाचे दार उघडले, तरी परतलेल्या विद्वानास समाज सामावून घेईलच असे नाही, हे या प्रसंगातून दिसते.

भारतातील विद्यार्थ्यांसाठी पर्याय

भारतातून पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना वेगळ्या योजनांचा विचार करावा लागतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. अमेरिकेतील शिक्षणासाठी फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती उपलब्ध असून, १८९२ साली स्थापन झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा न्यास परतफेडीच्या अटीवर कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. यांपैकी प्रत्येकीच्या अटी स्वतंत्र असून त्या वेळोवेळी बदलतात.