वसईचा गोन्सालो गार्सिया

वसई म्हटली कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांसमोर चिमाजीअप्पा उभे राहतात. १७३९ च्या मे महिन्यांत सर झालेला किल्ला आणि तेथील ख्रिस्ती देवालयांतून उतरवून आमच्या देवळांत टांगलेल्या घंटा, एवढ्यावर आमची वसई आटोपते. वऱ्हाडांत, त्यांतून मोर्शीसारख्या सातपुड्याच्या बाजूच्या गांवीं, समुद्रच मुळीं शंभर कोसांपलीकडे; तेव्हां समुद्रकांठच्या एका ख्रिस्ती संताची वार्ता इकडे न पोंचल्यास नवल नाहीं. परंतु ह्याच वसईंत १५५७ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा रोमन कॅथलिक पंथाच्या संतमालिकेंत जाऊन बसला, आणि हिंदुस्थानांत जन्मलेल्यांत तो मान त्याला सर्वांच्या आधीं मिळाला. गोन्सालो गार्सिया हें त्याचें नांव.

आपल्या इतिहासाच्या कालविभागणींत हें मध्ययुगच होय. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या हातीं होती. गोन्सालोचा बाप पोर्तुगीज व आई कोंकणांतली. जेझुइट पाद्र्यांपाशीं तो शिकला, आणि पंधराएक वर्षांचा असतां त्यांच्याच बरोबर जहाजांत बसून जपानला गेला. ज्या वयांत आपलीं मुलें शालान्त परीक्षेच्या धास्तींत असतात, त्या वयांत हा पोर एक परकी भाषा आत्मसात् करीत होता. सुमारें आठ वर्षें त्यानें तेथें धर्मशिक्षकाचें काम केलें. मनांत एकच इच्छा होती, कीं जेझुइट संघांत आपल्याला रीतसर प्रवेश मिळावा. ती पुरी झाली नाहीं.

त्या काळीं एतद्देशीय आणि मिश्र रक्ताच्या उमेदवारांना संघांत घेण्यास हिंदुस्थानांतील जेझुइट अधिकारी नाखूष असत. गोन्सालोच्या आड त्याची आईच आली असावी, असा तर्क केल्यास तो अवास्तव ठरेल असें मला वाटत नाहीं. भाविक चरित्रें ह्या प्रसंगावरून घाईनें पुढें जातात. मला मात्र साऱ्या चरित्राची किल्ली येथेंच दिसते. गोन्सालोनें व्यापार धरला, त्यांत त्याला बरकतही आली, आणि मग तें सारें सोडून तो मनिलाला गेला व फ्रान्सिस्कनांचा साधा बंधु झाला. पुरोहितपदाची दीक्षा त्याला कधींच मिळाली नाहीं.

१५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरनें पेद्रो बाप्तिस्ता नांवाच्या फ्रान्सिस्कनाला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याजकडे वकील म्हणून धाडलें. दुभाषी हवा होता. तें काम गोन्सालोकडे आलें. धर्मोपदेशकांनीं देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीनें १५८७ सालींच काढलेला होता, पण त्याची बजावणी ढिली होती. ह्या मंडळींना क्योतोंत जागा मिळाली, चर्च झालें, महारोग्यांच्या शुश्रूषेची सोय झाली. पुढें १५९६ च्या ऑक्टोबरांत 'सान फेलिपे' नांवाचें मालानें भरलेलें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. हिदेयोशीनें माल जप्त केला. आणि स्पेनचा राजा आधीं पाद्री पाठवितो व मागून सैन्य, असें त्या जहाजाचा सुकाणूदार बोलून गेल्याची कथा पसरली. ती खरी कीं रचलेली, ह्यावर जेझुइट व फ्रान्सिस्कन पुष्कळ भांडले आहेत. पण हिदेयोशीची बाजूही पाहिली पाहिजे. शेजारचीं बेटें स्पेननें घेतलेलीं डोळ्यांसमोर असतां राज्यकर्त्याला अशी भीति वाटणें सर्वस्वी निराधार म्हणतां येत नाहीं.

तिची किंमत सव्वीस जणांनीं भरली. चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी क्योतोंत कापण्यांत आली. ऐन हिवाळ्यांत महिनाभर त्यांना नागासाकीकडे चालविलें. वाटेंत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांना बांधून भाल्यांनीं मारलें. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे सतरा सामान्य ख्रिस्ती जन. गोन्सालो चाळिशीचा होता. पण लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा, आणि आंतोनियो तेरा वर्षांचा. ह्या आंतोनियोचा बाप चिनी व आई जपानी. तिघे जेझुइट जपानी होते. म्हणजे जें दार वसईकराला उघडलें नाहीं, तें जपान्यांना उघडलें होतें.

१६२७ सालीं पोप आठवे अर्बन ह्यांनीं ह्या फ्रान्सिस्कन गटाला 'धन्य' ही पदवी दिली. परंतु वसई मराठ्यांनीं घेतल्यावर गोन्सालोची स्मृति ज्यांनीं जपावयाची ते फ्रान्सिस्कनच तेथून गेले. आणि मौज अशी, कीं त्यानंतर सहाच वर्षांनीं, १७४५ सालीं, अर्ध्या जगापलीकडे ब्राझीलमधील रेसीफे शहरांत त्याचा मोठा उत्सव झाला! तो केला पार्दो लोकांनीं, म्हणजे गोरे व काळे ह्यांच्या मिश्र संततीनें. हा संत आमच्यासारखाच आहे, असें त्यांचें म्हणणें. पार्दो मनुष्य संतपदाला पोंचणें शक्य नाहीं, असें हिणविणारेही होतेच. तेव्हां आंतोनियो द सांता मारिया जाबोआतांव ह्या फ्रान्सिस्कनानें प्रवचन करून गोन्सालो वर्णानें पार्दोच होता हें मांडलें. तें १७५१ त लिस्बनला छापलें गेलें. जी आई वसईंत अडचण ठरली, ती रेसीफेंत पुरावा झाली.

८ जून १८६२ रोजीं नववे पायस ह्यांनीं सव्वीसही जणांना संतपद दिलें. निशिझाका टेकडीवर १९६२ पासून त्या साऱ्यांचे ब्राँझचे पुतळे ओळीनें उभे आहेत. वसईजवळ गास गांवीं गोन्सालोच्या नांवाचें चर्च आहे, वसईंत महाविद्यालय आहे. तरीही केरळच्या अल्फोन्सा ह्यांना २००८ सालीं संतपद मिळालें, तेव्हां 'पहिल्या भारतीय संत' म्हणून त्यांचा गौरव झालाच. बाप पोर्तुगीज म्हणून गोन्सालो जमेस धरावयाचा नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. जेझुइटांच्या दारीं आई आड आली, येथें बाप! वसईच्या चर्चांत आतां उपासना मराठींत चालते. त्यांतलें बरेंचसें गोन्सालोच्या आईला समजलें असतें.