जुना फोटो मोकळा कधी होतो?

जुन्या वर्तमानपत्रातला फोटो रीलमध्ये वापरला तर चालतो का? ‘जुना आहे ना, मग काय होतंय!’ हे उत्तर मला काही पटत नाही. जुना म्हणजे नेमका किती जुना, हाच तर खरा प्रश्न आहे. म्हणून आज एकाच छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून हा कायदा बघूया.

होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिकल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो ‘इलस्ट्रेटेड वीकली’त छापून यायचे, पण खाली नाव असायचं नवऱ्याचं, माणेकशा व्यारावाला यांचं.

आता समजा, त्यांनी १९३८ मध्ये काढलेला आणि त्याच वर्षी छापलेला एक फोटो तुम्हाला सापडलाय. तेव्हा आपल्याकडे ब्रिटिशांचा १९११ चा कायदा लागू होता. त्यात फोटोवरचा हक्क निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. फोटो कुणी काढला, तो माणूस हयात आहे का, याचा मुदतीशी संबंधच नाही. १९३८ अधिक ५०, झाले १९८८. फोटो मोकळा!

पण तोच फोटो १९६३ चा असेल तर? २१ जानेवारी १९५८ पासून आपला स्वतःचा कायदा लागू झाला. मुदत ५० वर्षंच राहिली, पण मोजायची फोटो प्रसिद्ध झाल्यापासून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ५० ची ६० झाली. मग २०१२ च्या दुरुस्तीने फोटोंसाठीची ही वेगळी मोजणीच काढून टाकली. आता मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. होमाईबाई जानेवारी २०१२ मध्ये गेल्या. १९६३ च्या फोटोवरचा हक्क तेव्हा संपलेला नव्हता. म्हणून २०७२ संपेपर्यंत तो मोकळा नाही, असं धरून चालणंच शहाणपणाचं.

म्हणजे बघा, जुना कायदा साल विचारायचा, नवा कायदा नाव विचारतो. आणि वर्तमानपत्रांनी नेमकं नावच कितीदा गाळलंय! छायाचित्रकार अज्ञात असेल, तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजतात. पण नाव चुकीचं छापलं असेल, तर आपण भलत्याच माणसाच्या मृत्यूपासून वर्षं मोजत बसतो. म्हणूनच मला वाटतं, हे काम वकिलाइतकंच इतिहास शोधणाऱ्याचंही आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फोटोग्राफर पेपरात पगारी नोकर असला आणि वेगळा करार नसला, तर मालकाचा हक्क वर्तमानपत्रांत छापण्यापुरताच. बाकीचा हक्क फोटो काढणाऱ्याचा. दुसरं, कात्रणात फोटोशेजारी बातमीही असते. तिची मुदत वेगळी, लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेव्हा सरसकट स्क्रीनशॉट टाकू नका, फक्त फोटो कापून घ्या.

हक्क संपला की परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. तरी १९३८ चा तो फोटो टाकाल, तेव्हा खाली ‘छायाचित्र: होमाई व्यारावाला’ एवढं नक्की लिहा. छापणाऱ्यांनी तेव्हा ते लिहिलं नव्हतं.