कॅरिबियन प्रवाळभित्तींवरील लायनफिशचे नियंत्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पर्यावरणाचा इतिहास लिहिताना वादळ, पूर, दुष्काळ यांच्या नोंदी सहज सापडतात. दिवाणखान्यातील काचेच्या पेटीतून सुरू झालेल्या संकटाची नोंद मात्र उशिरा होते. पश्चिम अटलांटिकमधील लायनफिशचा प्रसार हे याचे ठळक उदाहरण होय. हिंदी व प्रशांत महासागर हे या माशाचे मूळ स्थान. अंगावरील पट्टे व पिसाऱ्यासारखे पर यांमुळे तो हौशी मत्स्यपालकांचा आवडता ठरला. त्याच्या अंगावर १८ विषारी काटे असतात. प्रस्तुत निबंधात त्याच्या नियंत्रणाचे प्रयत्न कसे बदलत गेले, याचा विचार केला आहे.

उगमाची कथा व तिची चिकित्सा :
ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडा झोडपला. त्या वेळी बिस्केन उपसागराकाठचे एक मत्स्यालय फुटले, सहा लायनफिश समुद्रात गेले आणि तेथून आक्रमण सुरू झाले, ही हकीकत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. साधनांच्या कसोटीवर ती टिकत नाही. फ्लोरिडातील डेनियाजवळ १९८५ मध्येच, म्हणजे वादळापूर्वी सात वर्षे, लायनफिश आढळल्याची नोंद आहे. पाळणाऱ्यांनी नकोसे झालेले मासे वेळोवेळी समुद्रात सोडले असावेत, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात. वादळावर ठपका ठेवला की व्यापाराला प्रश्न विचारावे लागत नाहीत. जिवंत लायनफिशच्या आयातीवर फ्लोरिडाने बंदी घातली ती २०१४ मध्ये. पहिल्या नोंदीनंतर २९ वर्षांनी!

दरम्यान २००४ मध्ये बहामा आणि २००९ पर्यंत क्यूबा, जमैका, बेलीझ व मेक्सिको येथे हा मासा पोहोचला होता. मादी दर काही दिवसांनी अंडी घालते; वर्षाला ही संख्या सुमारे वीस लाखांवर जाते आणि अंडी प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. तेथील लहान मासे या नवख्या भक्षकाला सहज बळी पडतात. बहामातील छोट्या प्रवाळखडकांवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लायनफिश असलेल्या ठिकाणी नव्या स्थानिक माशांची भर पाच आठवड्यांत ७९ टक्क्यांनी घटलेली दिसली. प्रवाळभित्तींवर उपजीविका करणाऱ्या कोळ्यांच्या दृष्टीने ही उद्याच्या मासळीचीच तूट होती.

बंदीतून परवानगीकडे :
नियंत्रणाच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रसंग बोनेर बेटावरचा आहे. प्रवाळांच्या रक्षणासाठी तेथे १९७१ पासून भाल्याने मासे मारण्यास बंदी होती. लायनफिश आल्यावर याच बंदीत अपवाद करून प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती आखूड भाला द्यावा लागला. ज्या हाताला कायद्याने दूर ठेवले होते, त्याचीच आता गरज पडली. फ्लोरिडा व बहामा येथे २००९ पासून लायनफिश पकडण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. काटे काढल्यावर त्याचे मांस खाण्यास चांगले असते, हा प्रचारही झाला. बाजारात मागणी वाढवून शत्रू संपवावा, ही कल्पना आकर्षक आहे. पण हा मासा गळाला क्वचितच लागतो, तो एकेक करून भाल्यानेच मारावा लागतो. त्यामुळे पुरवठा तुटपुंजा आणि भाव चढा राहतो.

समूळ उच्चाटनाची भाषा अखेर मागे पडली. बहामातील अभ्यासावरून २०१४ मध्ये असे दाखवण्यात आले की, लायनफिशची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली ठेवली तर सर्व मासे न मारताही स्थानिक माशांचे वस्तुमान ५० ते ७० टक्क्यांनी वाढते. ध्येय लहान झाले, परंतु साध्य होण्याजोगे झाले. मात्र त्यासाठी त्याच जागी पुनःपुन्हा उतरावे लागते. सामान्य पाणबुड्या ३०-४० मीटरपर्यंत जातो, तर लायनफिश ३०० मीटर खोलीवरही आढळला आहे. खोल पाण्यासाठी अमेरिकी शासनाच्या शास्त्रज्ञांनी खास सापळे तयार करून त्यांच्या चाचण्या घेतल्या आहेत. तूर्त जेथे पर्यटकांच्या नौका थांबतात, तेथील खडक अधिक वेळा साफ होतात. पर्यटक पोहोचत नाहीत त्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वाट्याला ही सोय क्वचितच येते.