थर्माकोलचं कूळ

रेवदंडा-थेरोंड्याच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की पांढऱ्या खोक्यांची लगबग सुरू होते. तळाला बर्फाचा चुरा, त्यावर पापलेटचा थर, पुन्हा बर्फ, वर झाकण आणि झाकणाभोवती चर्रकन फिरणारी चिकटपट्टी. एवढ्या बंदोबस्तात मासळी मुंबईपर्यंत ताजी पोचते. खोकं कशाचं, असं विचारलं तर मावशीही सांगतील आणि शाळकरी पोरही: थर्माकोलचं. हा शब्द मराठीत इतका मुरलाय की ते कधीकाळी एका कंपनीचं व्यापारी नाव होतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

ती कंपनी बास्फ, मूळची जर्मन. तिची भारतीय शाखा १९४३ साली आर. ए. कोल या नावाने नोंदली गेली होती. पुढे ती इंडोप्लास्ट झाली आणि अखेर बास्फ इंडिया. थर्माकोलमधला ‘कोल’ मला तरी या आर. ए. कोलचाच वारसा वाटतो. ‘थर्म’ मात्र ग्रीक, अर्थ उष्ण. संस्कृतातला ‘घर्म’ त्याचा भाऊबंद, आणि घर्मातूनच आपला ‘घाम’ आला. फारसीतून आलेला ‘गरम’ही त्याच घराण्यातला.

नावापेक्षा मला या पदार्थाचं कूळ जास्त विलक्षण वाटतं. १८३९ साली बर्लिनमधल्या एडुआर्ड सिमोन या औषधविक्रेत्याने एका झाडाचा सुगंधी चीक उकळून त्यातून तेलासारखा द्रव वेगळा काढला. तो ठेवून दिल्यावर घट्ट होतो, हेही त्याच्या लक्षात आलं. हा चीक म्हणजे स्टोरॅक्स; त्यावरून त्या द्रवाला स्टायरीन हे नाव पडलं. आपल्याकडचा काष्ठौषधीवाला याच चिकाला शिलारस म्हणतो. धुपात आणि औषधात तो पडतो. झाड तुर्कस्तानाकडचं, म्हणून संस्कृतात त्याला ‘तुरुष्क’ आणि ‘यावन’ अशीही नावं आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत स्टोरॅक्स आहे, आणि त्याच ग्रंथात दक्षिणेकडच्या बंदरांमध्ये सेमुल्लाचं नाव येतं. सेमुल्ला म्हणजे आपलं चौल, रेवदंड्याला खेटून असलेलं. खोक्याच्या आजोळचा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच समुद्रावरून येत होता, हे कळल्यापासून मी त्या खोक्याकडे आदराने बघतो.

पुढे झाड मागे पडलं आणि स्टायरीन खनिज तेलापासून बनू लागलं. १९४९-५० च्या सुमारास बास्फच्या फ्रिट्झ स्टास्टनी यांनी पॉलिस्टायरीन फुगवण्याची युक्ती शोधली. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन भरायचा आणि वाफ द्यायची. मणी कितीतरी पट फुगतात, साच्यात एकमेकांना चिकटतात. तयार तुकड्यात सुमारे ९८ टक्के नुसती हवा असते. कोंडलेली, जागची न हलणारी हवा उष्णता सहसा पुढे जाऊ देत नाही; बर्फ टिकतो तो तिच्या जोरावर.

हवा कोंडण्याची विद्या त्याआधीही माणसाला ठाऊक होतीच. १८३४ साली अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ महिनोन्‌महिने जहाजातून प्रवास करून मुंबईत उतरला, तो लाकडाच्या भुशात गाडून. भाताचं तूस, पेंढा, गोणपाट यांचंही काम तेच. आणि ते कुजून मातीत मिळतात. थर्माकोल मिळत नाही. फुटलेल्या खोक्याचे मणी भरतीच्या रेषेत वाळूत मिसळतात, आणि एकदा मिसळले की हाताने निवडून काढता येत नाहीत. हे बघताना जीव तुटतो, कारण खोकं फेकणाऱ्याच्या पोटाची सोयही त्याच खोक्याने केलेली असते.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. थर्माकोलच्या ताटवाट्या गेल्या, गणपतीची मखरंही गेली; जुलैत उच्च न्यायालयानेही मखरवाल्यांना सवलत दिली नाही. त्या अधिसूचनेच्या शीर्षकातच प्लॅस्टिकच्या जोडीला ‘थर्माकोल’ छापलेलं आहे. एका कंपनीचं व्यापारी नाव तोवर सरकारी कायद्याचा शब्द होऊन बसलं होतं.