भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि डॉ. आंबेडकर

भंडारा जिल्हा म्हटला म्हणजे तळी, भात आणि विडी यांची आठवण होते. त्यांपैकी विडीचा संबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अखेरच्या निवडणुकीशी पोहोचतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा जिल्हा मध्यप्रदेशात होता, व भंडारा मतदारसंघातून दोन सभासद लोकसभेत जात. एक सर्वसाधारण जागेवर, दुसरा अनुसूचित जातींसाठी राखलेल्या जागेवर. सर्वसाधारण जागी काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. परंतु ते ज्या विडीच्या पेढीचे भागीदार होते, तिचा सैनिकांसाठी विड्या पुरविण्याचा करार केंद्र सरकारशी होता, आणि असा हितसंबंध असणारास कायद्याने उमेदवार होता येत नसे. शिवाय गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेचा अर्ज, महानुभाव पंथात गेल्यामुळे ते महार राहिले नाहीत, या सबबीवर फेटाळण्यात आला होता. १९५४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंथ घेतल्याने ठवऱ्यांची जात सुटली नाही, असा निवाडा दिला, व जसानींनाही अपात्र ठरविले. सबंध निवडणूकच रद्द झाली.

त्या मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलेले व १९५२ मध्ये मुंबईत काजरोळकरांकडून पराभूत झालेले बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते राखीव जागेसाठी उभे राहिले. त्यांच्यासमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते.

येथे मतदानाची रीत समजून घेतली पाहिजे. प्रत्येक मतदारास दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. राखीव जागा प्रथम ठरे. उरलेली जागा बाकीच्यांपैकी सर्वाधिक मते मिळविणारास जाई, मग त्याची जात कोणतीही असो. म्हणजे अनुयायांनी दुसरे मत कोणासच दिले नसते, तर राखीव जागा हुकूनही बाबासाहेबांना दुसरी जागा मिळण्याचा संभव होता. यालाच मत कुजविणे म्हणत. ही युक्ती त्यांनी मानली नाही, असे त्यांचे अनुयायी सांगत आले आहेत. राज्यघटनेच्या शिल्पकाराने मत वाया घालवा असे सांगणे त्यांना शोभले नसते, हेही खरेच.

मेहता निवडून आले. बोरकरांनी बाबासाहेबांचा सुमारे ८,००० मतांनी पराभव केला. आपली दुसरी मते मेहतांना गेली, पण त्यांच्याकडील मते आपल्या पुढाऱ्यास त्या प्रमाणात मिळाली नाहीत, हा सल अनुयायांच्या मनात राहिला. तो केवळ हळवेपणाचा नव्हे. राखीव जागेचा निकालही सर्व जातींच्या मतदारांच्या हाती असावा, हे १९३२ च्या पुणे करारानेच ठरले होते, आणि त्या करारावर बाबासाहेबांची सही होती.

पुढल्याच वर्षी त्या राखीव जागेवर पुन्हा पोटनिवडणूक होऊन अनसूयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. बाबासाहेब १९५६ च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत राज्यसभेतच राहिले. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत १९६१ मध्ये कायद्याने बंद झाली.