बाबासाहेबांची वीज आणि वेल्हाळ्याची राख

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीजही त्यांच्याच खात्याकडे. ती स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे आम्हाला कोणी वीजविरोधी म्हणू नये!

पण मेहरूणहून भुसावळकडे जा. दीपनगरच्या वीज केंद्राची राख वेल्हाळ्याच्या तळ्यात साचते. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे असते. तळाला अस्तर नसेल तर ते भूजलात झिरपू शकते. तपासणी साधी आहे: तळ्याच्या वरच्या अंगाची एक विहीर, उताराकडच्या दोन-तीन, पावसाळ्याआधी आणि नंतर. आर्सेनिक लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या आत हवे.

चवदार तळ्याचे पाणी 1927 ला प्यायलो, कोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडले. विहिरींचे आकडे ग्रामसभेत आत्ताच मागा, तारखेसकट.